रूपांतरित खडकांची पेटी : परळच्या शाळेतल्या कामाच्या नोंदी

या नोंदी भूगोल आणि विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी आहेत. शाळेत रूपांतरित खडकांच्या नमुन्यांची अशी पेटी करायची असेल तर कुठे पैसे वाया जातात, काय टाळायचं आणि काय हमखास जमतं, ते तारखेवार लिहून ठेवते आहे.

४ मे

प्रयोगशाळेतली खडकांची जुनी पेटी काढली. अग्निजन्य नमुने भरपूर आहेत, मुंबईत बेसाल्ट उचलायला लांब जावं लागत नाही. गाळाचे खडक बरे आहेत. रूपांतरितच्या खान्यात संगमरवराचा एक तुकडा, तोही वर्षानुवर्षं हाताळून गुळगुळीत झालेला. स्लेटच्या जागी नुसतं लेबल.

मुलं जोड्या तोंडपाठ म्हणतात: चुनखडकाचा संगमरवर, शेलची स्लेट, वालुकाश्माचा क्वार्टझाइट, ग्रॅनाइटचा नाइस. पण उत्तरपत्रिकेत दरवर्षी तेच वाक्य येतं, ‘खडक उष्णतेने वितळतो आणि रूपांतरित खडक बनतो.’ वितळला तर तो शिलारस झाला, आणि थंड झाल्यावर अग्निजन्य. रूपांतर होताना खडक घनच राहतो, आतले कण आणि खनिजं बदलतात. ही एक गोष्ट मुलांना पाठांतराशिवाय पटावी, एवढ्यासाठी ही नवी पेटी. बाकी सगळं दुय्यम.

अडचण जागेची. मुंबईखाली दख्खनच्या लाव्हाचे थर आहेत, सहा-साडेसहा कोटी वर्षांचे. रूपांतरित खडक बघायचे तर सिंधुदुर्ग नाहीतर थेट नागपूर, भंडारा, गडचिरोली. पण शहरात हेच खडक जिन्यांवर, ओट्यांवर, देवघरात आणि इमारतींच्या दर्शनी भिंतींवर बसलेले आहेत. म्हणून सुरुवात दगडाच्या वखारीतून.

७ मे

वखारीत सकाळी दहाच्या आत जावं. नंतर ट्रक लागतात आणि कोणाला बोलायला सवड नसते. शाळेसाठी हवंय म्हटल्यावर कापून उरलेले तुकडे फुकट मिळाले, टेम्पोचे ३५० रुपये तेवढे गेले. आणलेला माल असा: पांढरा मकराणा, राजनगरचा पांढरा, उदयपूरकडचा हिरवा ‘मार्बल’, कोटा, कडप्पा, भिंतीला लावायच्या स्लेटच्या फरशा, आणि लहरी पट्ट्यांचा एक ‘ग्रॅनाइट’.

वखारीतल्या नावांवर पेटीची लेबलं लिहू नका. तिथे ज्याला चांगली चकाकी येते आणि सुरीने ओरखडा उठतो तो मार्बल, ज्यावर सुरी चालत नाही तो ग्रॅनाइट. धंद्याला तेवढं पुरतं. आपल्या कामाला पुरत नाही. तो लहरी पट्ट्यांचा तुकडा ग्रॅनाइट नसून नाइस आहे. काळी आणि फिकी खनिजं वेगवेगळ्या पट्ट्यांत गेलेली साध्या डोळ्यांना दिसतात. परळमधल्या अर्ध्या स्वयंपाकघरांत असा नाइस ‘ग्रॅनाइट’ या नावाने बसलेला असेल.

९ मे

दिवसभर आम्लाची परीक्षा. प्रयोगशाळेतलं विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, ड्रॉपर, गॉगल, हातमोजे. मुलांकडून करून घेताना आम्ही लिंबू वापरणार आहोत. फेस कमी येतो, पण भिंगातून बुडबुडे दिसतात.

मकराणा लगेच फसफसला. राजनगरचा थंडच राहिला. तो दगड बाद करणार होते, मग कानशीने थोडी भुकटी काढून तिच्यावर थेंब टाकला तेव्हा बुडबुडे आले. तो डोलोमाइटी, म्हणजे मॅग्नेशियमचा अंश असलेला संगमरवर आहे, अखंड तुकड्यावर आम्ल दाद देत नाही. ज्यांच्याकडे ‘संगमरवर असून फेस येत नाही’ असा प्रश्न पडेल त्यांनी आधी भुकटी करून पाहावी.

हिरवा अजिबात फसफसला नाही, फक्त त्यातल्या पांढऱ्या शिरांवर बुडबुडे आले. तो मुळात सर्पेंटिनाइट. लोह-मॅग्नेशियमने भरलेल्या खडकात पाणी शिरून झालेला, म्हणजे रूपांतरितच, पण चुनखडकाशी त्याचं नातं नाही. त्याला स्वतंत्र खाना.

कोटा आणि कडप्पा दोन्ही फसफसले. दोन्ही चुनखडक, रूपांतर न झालेले. कडप्प्याबद्दल खास लिहून ठेवते, कारण तो काळा असतो, पातळ पाट्यांत सुटतो आणि हमखास स्लेट समजला जातो. त्याच्या पाट्या म्हणजे गाळ थरावर थर बसलेला. स्लेट सुटते ती दाबामुळे. शिवाय घरच्या कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू पिळल्यावर जो पांढरट डाग राहतो तीच आम्लाची परीक्षा, ती प्रत्येक मुलाच्या घरी आधीच होऊन गेलेली असते.

जाता जाता: फळ्यावरचा खडू चुनखडीचा नमुना म्हणून वापरू नका. आमचा खडू आम्लाला ढिम्म हलला नाही. आजकालचे बहुतेक खडू जिप्समचे असतात.

१६ मे

चुनखडक तापवून त्याचा संगमरवर होतो का, हे मुलांसमोर ठेवायचं होतं. उत्तर मला ठाऊक होतं, पण ‘होत नाही’ हेही हातात धरता आलं पाहिजे.

धारावीच्या कुंभारवाड्यात एका भट्टीत जागा मागितली. तिथले काका आधी नाहीच म्हणाले. त्यांचं म्हणणं रास्त होतं: मातीत चुन्याचा बारीकसा खडा जरी राहिला तरी भाजलेलं मडकं पुढे ओल धरून आतून फुटतं. त्यांच्या मालात आपला दगड मिसळणं म्हणजे त्यांचं नुकसान. शेवटी त्यांनीच तोड काढली. एका तडा गेलेल्या मडक्यात आमचे तुकडे, वर झाकण, आणि सांध्याला ओली माती थापली. भट्टीच्या कडेला जागा मिळाली. ३०० रुपये दिले.

भट्टीची उष्णता मोजायला के टाइपचं थर्मोकपल आणि मीटर लॅमिंग्टन रोडवरून, ९५० रुपये. कडेला सगळ्यात जास्त ७८० अंश सेल्सिअस दिसलं.

दुसऱ्या दिवशी मडकं उघडलं. कोट्याच्या तुकड्यांवर पांढरी साल आणि आत जसाच्या तसा दगड. सालीवर पाण्याचा थेंब टाकला की ती सुरसुरते आणि गरम होते. धड चुनखडक नाही, धड चुना नाही. एवढ्या उष्णतेला आणि एवढ्या वेळात गाभ्यापर्यंत काही पोचलं नाही.

२१ मे

मातीकामाचे वर्ग घेणाऱ्या एका ओळखीच्या ताईंकडे विजेची भट्टी आहे. तिथे ९५० अंशांवर रात्रभर ठेवलं, भाडं ६०० रुपये. आत जाण्याआधी वजनं घेतली होती: मकराण्याचे तुकडे ५० ग्रॅम, कोटा ५० ग्रॅम.

बाहेर आले तेव्हा मकराणा २८ ग्रॅमवर, कोटा ३४ वर. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटच्या १०० भागांतले ४४ भाग कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात, उरतो कळीचा चुना. मकराण्याचा हिशेब बरोबर जुळला. कोट्यात वाळू-मातीचा अंश बराच असतो. तो जागचा हलत नाही, म्हणून घट कमी.

इथे माझ्या मते सगळ्या पेटीतला सगळ्यात बोलका नमुना मिळाला. उष्णता संगमरवर बनवत नाही. नुसती उष्णता तर असलेला संगमरवरही मोडते. खोलवर चुनखडकाचा चुना होत नाही, कारण वरच्या खडकाचं ओझं वायूला सुटू देत नाही. १ किलोमीटर जाडीच्या खडकाखाली दाब वातावरणाच्या अडीचशे ते तीनशे पट असतो. वायू अडकला की कॅल्साइट, म्हणजे चुनखडकातलं कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज, कॅल्साइटच राहतं, आणि तापत राहिलं की बारीक कण एकमेकांना खाऊन मोठे होतात.

कळीचा चुना हाताळताना गॉगल हवाच. डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. मुलांच्या हाती तो सुटा द्यायचा नाही, बंद बाटलीतच.

२३ मे

‘मग दाब देऊनच करू या की’ असं प्रयोगशाळेतले काका म्हणाले. करू नका, म्हणून ही नोंद. हे काम एडिनबरोच्या सर जेम्स हॉल यांनी करून ठेवलं आहे. बंदुकीच्या नळीत चुनखडीची भुकटी भरायची, तोंड पक्कं बंद करायचं आणि भट्टीत तापवायची. वायूला वाट नाही, त्यामुळे आत चुना न होता संगमरवरासारखा घट्ट, स्फटिकी दगड मिळाला. हे त्यांनी १८०५ साली तिथल्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. त्यांचे मित्र, भूशास्त्रज्ञ जेम्स हटन यांना भट्टीतल्या छोट्या प्रयोगांवरून पृथ्वीच्या पोटाचं अनुमान काढणं पसंत नव्हतं, म्हणून हॉल यांनी हटन हयात असेपर्यंत, म्हणजे १७९७ पर्यंत, हे काम हाती घेतलं नाही. मला हॉल यांचं फार कौतुक वाटतं. मताशी सहमत नसतानाही मान राखून थांबला, आणि नंतर ते तडीला नेलं.

बंद नळी तापवणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. आपण कोटा, कळीचा चुना आणि मकराणा हे तिघं शेजारी मांडायचे आणि हॉल यांची गोष्ट सांगायची. तेवढं पुरे.

१ जून

आता दाबाची दिशा. स्लेट आणि शिस्ट (स्लेटहून जाडसर कणांचा, अभ्रकाने चमकणारा रूपांतरित खडक) पातळ पदरांत का सुटतात, हे दाखवायला मातीत अभ्रक मिसळून दाबायचं ठरवलं. १८५०च्या दशकात इंग्लंडमध्ये हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी पांढऱ्या मातीत लोखंडाच्या ऑक्साइडचे बारीक पापुद्रे मिसळून हाच प्रयोग केला होता: दाबल्यावर पापुद्रे दाबाला काटकोनात वळले.

रांगोळीच्या दुकानातून ‘अभ्रक’ म्हणून चमकी आणली, ४० रुपये. ती प्लॅस्टिकची निघाली. मेणबत्तीवर धरली की आक्रसते आणि वास येतो. खरं अभ्रक लोहार चाळीत मिळालं, जुन्या इस्त्रीच्या कॉइलखाली घालतात त्या पातळ चकत्या. कात्रीने बारीक तुकडे केले. खऱ्या अभ्रकाला मेणबत्तीने काही होत नाही, ओळखायला एवढी खूण पुरेशी.

माती शाडूची. जूनमध्ये लालबाग-परळला शाडूला तोटा नाही, मूर्तिकारांच्या मांडवातून पिशवीभर मिळाली.

८ जून

पुरीच्या प्रेसमध्ये दाबलेले गोळे फसले. माती चारी बाजूंनी बाहेर पळते, कडेला अभ्रक वळतं पण मधला भाग तसाच विस्कळीत राहतो. मातीही फार ओली होती. जी पद्धत जमली ती अशी: माती मळून एक दिवस फडक्यात गुंडाळून ठेवायची, नखाने जेमतेम खूण उमटेल इतकी घट्ट होऊ द्यायची. मग लाकडाच्या दोन फळ्यांत धरून सुताराच्या वाइसमध्ये हळूहळू आवळायची. दोन बाजू बंद आणि दोन मोकळ्या ठेवल्या की माती एका दिशेने सरकते आणि अभ्रकाचे पापुद्रे रांगेत बसतात.

कापण्यातही खोट निघाली. दोऱ्याने किंवा सुरीने ओली माती कापली की पातं पापुद्र्यांना आपल्याबरोबर ओढतं आणि कडेला खोटी रांग दिसते. पूर्ण वाळू द्यायची आणि मग मोडायची. दाबलेला ठोकळा हाताने मोडताना फरक बोटांना कळतो. पापुद्र्यांच्या दिशेत तो अलगद दुभंगतो आणि आतली आख्खी सपाटी एकदम चमकते. आडवा मोडायला गेलात तर जोर लागतो, कड दातेरी येते आणि चमक ठिपक्याठिपक्यांची दिसते. न दाबलेला ठोकळा कसाही मोडा, सारखाच. तिन्ही ठोकळे पेटीत जातील.

इथे मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागेल. आपल्या मातीत अभ्रक फक्त वळलं. खऱ्या खडकात मातीच्या खनिजांपासून नवीन अभ्रक तयार होतं, आणि ते दाबाला काटकोनातच वाढतं. वळणं आणि वाढणं, दोन्ही.

१७ जून

शाळा सुरू झाली, पाऊसही. आता पातळ काप, म्हणजे खडक इतका झिजवायचा की आरपार दिसला पाहिजे. ठरलेली जाडी ०.०३ मिलिमीटर. या कामातही सॉर्बी आघाडीवर होते.

सामान: नागदेवी स्ट्रीटवरून सिलिकॉन कार्बाइडची भुकटी, २२०, ४०० आणि १००० नंबरची, मिळून ७२० रुपये. १२ मिलिमीटर जाडीची फूटभर काच, २५० रुपये. काचपट्ट्या १३० रुपये. दोन नळ्यांचं अ‍ॅरल्डाइट, सावकाश वाळणारं. पटकन वाळणारं घेऊ नका, बुडबुडे निघायला वेळच मिळत नाही. वखारीतल्या कारागिराने कटरवर तीन-चार मिलिमीटरच्या चकत्या काढून दिल्या, २०० रुपये.

रीत अशी: चकतीची एक बाजू काचेवर पाणी आणि भुकटी घालून आठच्या आकारात घासायची, अगदी सपाट झाली की धुऊन, वाळवून काचपट्टीला चिकटवायची. मग दुसरी बाजू घासत न्यायची. जाड असताना २२० नंबर, पुढे ४००, शेवटी १००० नंबरवर बोटाच्या टोकाने.

२८ जून

पहिली खेप वाया गेली. दगड काचपट्टीवरून सुटून आले, काही घासताना, काही धुताना. चिकट थर दुधी दिसत होता. जूनच्या हवेत दगडात ओल राहते आणि काचपट्टी गुळगुळीत असते, ही दोन कारणं. उपाय म्हणून काचपट्टीची चिकटवायची बाजू १००० नंबरवर घासून अंधुक केली, आणि दगड-काचपट्टी दोन्ही जुन्या ६० वॅटच्या बल्बच्या खोक्यात तासभर गरम करून मग चिकटवलं. रात्रभर तिथेच ठेवलं. त्यानंतर एकही सुटला नाही.

दुसरा त्रास ओरखड्यांचा. २२० नंबरचा एक कण १००० नंबरच्या काचेवर गेला तरी सगळा काप खरवडला जातो. प्रत्येक नंबरला वेगळा टब, वेगळं फडकं, आणि मधे हात नखांपर्यंत धुवायचे. हे लिहायला सोपं आहे, रात्री दहा वाजता पाळायला अवघड.

६ जुलै

काप किती पातळ झाला हे कळण्यासाठी ध्रुवण फिल्म (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी पोलरॉइड पट्टी) लागते. बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरून दोन तुकडे सोडवले, काहीच खर्च नाही. शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकात एक फिल्म कापाखाली आणि एक कापावर, दोन्ही एकमेकींना आडव्या.

खूण क्वार्ट्झची, म्हणजे गारगोटीच्या खनिजाची. काप जाड असताना क्वार्ट्झचे कण रंगीत दिसतात, मग पिवळे, आणि नेमक्या जाडीला पांढरट ते राखाडी. संगमरवरात क्वार्ट्झ नसतं, म्हणून क्वार्टझाइटचा एक तुकडा त्याच काचपट्टीवर शेजारी चिकटवून दोन्ही बरोबर घासले. क्वार्टझाइट राखाडी झाला की थांबायचं. कडा आधी झिजतात, त्यांच्याकडे बघून फसू नका, मधल्या भागाकडे बघा.

जे दिसलं ते मुद्दाम सविस्तर लिहिते. कोट्याच्या कापात नुसतं करडं, धुकट पीठ, कण वेगळे काढता येत नाहीत. मकराण्याच्या कापात मोठे, स्वच्छ कण, एकमेकांना घट्ट भिडलेले, मधे फट म्हणून नाही. फिकट गुलाबी आणि हिरवट झाक, कित्येक कणांवर सरळ समांतर रेघा. तीन कण जिथे भेटतात तिथे तिन्ही कोन जवळपास सारखे. काप फिरवला की एकेक कण उजळतो आणि विझतो. प्रयोगशाळेतल्या काकांनी डोळा लावला तो बराच वेळ काढलाच नाही. भिंगाखालीही मकराण्याच्या ताज्या फुटलेल्या कडेवर साखर पेरल्यासारखे चमकदार पैलू दिसतात, ते याच कणांचे. कोट्याची कड मंद राहते.

१२ जुलै

नववीच्या मुलांना दाखवलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “बाई, पण वितळून परत गोठलं असतं, तरी कण असेच घट्ट बसले असते ना?”

तिचं बरोबर आहे. ग्रॅनाइटमध्येही कण एकमेकांत घट्ट बसलेले असतात. कोटा आणि मकराणा शेजारी ठेवून कण वाढले हे दिसतं, ते न वितळता वाढले हे दिसत नाही. ज्या एका गोष्टीसाठी पेटी करायला घेतली, तिचाच पुरावा पेटीत नाही. तिला म्हटलं, शोधते.

१९ जुलै

उत्तर स्लेटमध्ये सापडलं. गाळाचे मूळ थर स्लेटमध्ये कधीकधी रंगाच्या किंवा जाडसर कणांच्या पट्ट्यांनी शिल्लक राहतात, आणि स्लेट ज्या पदरांत सुटते ते या पट्ट्यांना तिरकं छेदून जातात. खडक वितळला असता तर पट्टी पुसली गेली असती. पट्टी जागेवर आहे आणि तिला कापणारे नवे पदरही आहेत, म्हणजे सगळा बदल घन खडकात झाला.

असा तुकडा मिळवणं हेच खरं काम. वखारीत स्लेटच्या फरशांचे ढीग असतात आणि त्यांवर तपकिरी, नारिंगी, पिवळे पट्टे भरपूर. त्यातले बहुतेक पाण्याबरोबर मुरलेल्या गंजाचे, म्हणजे खूप नंतरचे. ते भेगांच्या कडेने जातात आणि त्यांची एक कड ठळक, दुसरी विरलेली असते. गाळाची पट्टी दोन्ही अंगांनी सरळ जाते आणि फरशीच्या एका तोंडावरून कडेवरून वळून दुसऱ्या तोंडावर निघते. भिंगाखाली तिथले कण शेजारपेक्षा जाडसर लागतात, नख फिरवलं तरी कळतं. फरशी ओली करून बघा, कोरडीवर पट्टी दिसत नाही. वखारीत बादलीभर पाणी मागून घेतलं आणि कडा तपासत बसले. सकाळ गेली, पण दोन तुकडे मिळाले. ८० रुपये.

त्यातला एक कडेच्या बाजूने घासून, वर पारदर्शक वार्निश लावलं आहे. करडी पट्टी एका कोपऱ्यातून वर चढते आणि बारीक पदरांच्या रेघा तिला तिरक्या कापत जातात. त्या मुलीला वर्गात सगळ्यांसमोर हातात दिला. तिने आधी पट्टीवरून बोट फिरवलं, मग पदरांवरून, आणि म्हणाली, “पट्टी आधीची.” त्यापुढे मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

जुन्या दगडी पाट्यांचीही शोधाशोध केली. दोन पालकांनी आजोबांच्या पाट्या आणून दिल्या, लाकडी चौकटीसकट. दोन्हींत पट्टी नाही, पण रूपांतरित खडक घरात वारसा म्हणून असतो हे मुलांना कळलं. एक पाटी पेटीच्या झाकणावर बसवणार.

२६ जुलै

एका सहकाऱ्याच्या भंडाऱ्याकडच्या घरून कायनाइटचा तुकडा आला, निळसर, लांबट पात्यांचा. हातात घेऊन करण्याजोगी याच्याइतकी चांगली परीक्षा नाही: पात्याच्या लांबीच्या दिशेने साधी सुरी ओरखडा उठवते, आडव्या दिशेने तीच सुरी घसरते. एकाच खनिजाचा कठीणपणा दिशेप्रमाणे बदलतो. कायनाइट, अँडॅल्युसाइट आणि सिलिमनाइट या तिघांचं रासायनिक सूत्र एकच, पण कायनाइट जास्त दाबाचा, सिलिमनाइट जास्त उष्णतेचा, अँडॅल्युसाइट कमी दाबाचा. खडकात यातलं कोण आहे यावरून तो कुठल्या परिस्थितीतून गेला याचा अंदाज लागतो. भंडाऱ्यात कायनाइट आणि सिलिमनाइट दोन्ही आहेत. सिलिमनाइट अजून मिळवायचा आहे.

२ ऑगस्ट

कळीच्या चुन्याच्या बाटल्या उघडून पाहिल्या. मे महिन्यात घट्ट तुकडे होते, आता तळाशी पांढरी फक्की आणि एका बाटलीचं झाकण उचललेलं. पावसाळी हवा झाकणाच्या आट्यांतून शिरली. चुना पाणी ओढतो आणि फुगतो, काच फुटली असती. पुढच्या वेळी बाटलीचं तोंड मेणाने बंद करायचं आणि बाटली निम्मीच भरायची. नमुना नव्याने भाजून घ्यावा लागला, आणखी ६०० रुपये. जुनी फक्की टाकली नाही, ‘दाबाशिवाय तापवलेला संगमरवर, एका पावसाळ्यानंतर’ असं लेबल लावून तीही ठेवली.

मुंबईचा स्वतःचा नमुना घालायचा की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला. मालाड-कांदिवलीच्या जुन्या खाणींतल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत फिकट हिरवं प्रेहनाइट आणि पांढरी झिओलाइट सापडत, जगभरच्या संग्रहांत ती गेली आहेत. एका निवृत्त शिक्षकांनी त्यांच्याकडचा तुकडा दिला. गरम पाणी बेसाल्टमधून फिरून ही खनिजं साचली. रूपांतराच्या पायऱ्या मांडताना भूशास्त्रज्ञ झिओलाइट आणि प्रेहनाइटला अगदी खालच्या पायऱ्यांवर ठेवतात. पण भोवतालचा खडक बेसाल्ट म्हणूनच ओळखू येतो, त्याला रूपांतरित खडक म्हणणं चूक. माझं मत पडलं की घालायचा, पण अग्निजन्य आणि रूपांतरित यांच्या मधल्या खान्यात, लेबलवर कारण लिहून. मुलांना सीमेवरची गोष्टही दिसू दे.

१४ ऑगस्ट

पेटी सुताराकडून आली. सागवान परवडलं नाही, प्लायवूड, आत फेल्ट, २,६०० रुपये. सगळा खर्च सहा ते सात हजारांच्या घरात. त्यातला विजेच्या भट्टीचा खर्च टाळता येईल: चुन्याच्या भट्टीवरून किंवा बांधकामाच्या दुकानातून ताजा कळीचा चुना आणला तरी चालेल. वजनातली घट मात्र मग मोजता येणार नाही, आणि माझ्या अनुभवात मुलं त्या आकड्यांशीच सगळ्यात जास्त वेळ थांबतात.

रिकामा राहिलेला खाना शिस्टचा आहे. शाळेतले दोघं सहकारी गणपतीला गावी, सावंतवाडी आणि वेंगुर्ल्याकडे जाताहेत. त्यांना कागदावर लिहून दिलं आहे: जांभा नको, तो वरचा, हवेपाण्याने झालेला. ओढ्याच्या पात्रात किंवा विहिरीच्या उपशात खालचा खडक मिळतो तो पाहा. उन्हात वळवून बघायचा, एका सपाटीवर सगळीकडे एकदम चमकला तर हवा तो. मुठीएवढे दोन तुकडे, वर्तमानपत्रात वेगवेगळे गुंडाळून, प्रत्येकावर गाव, वाडी आणि जागा पेनाने लिहून. देवळाच्या आवारातला किंवा गडाच्या बांधकामातला दगड उचलायचा नाही.